ओळखीच्या डॉक्टरचे पैसे कोणी द्यायचे?

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून मेसेज येतात. ‘गुडघ्यासाठी चांगला ऑर्थो सुचवा.’ ‘आईला चक्कर येते, न्यूरो कोण बरा?’ ‘मुलीच्या अंगावर पित्त उठतंय, स्किनवाले कोणी माहीत आहेत का?’ दहा मिनिटांत चार नावं येतात, त्यातलं एक नाव दोघांनी सांगितलं की अपॉइंटमेंट ठरते. आता चक्कर कानातल्या दोषाने येते, रक्त कमी असल्याने येते, बीपीची गोळी जास्त झाल्याने येते, मधुमेहाची गोळी घेऊन जेवायला उशीर झाला तरी येते. यांतल्या एकाही कारणासाठी न्यूरोलॉजिस्टकडे जावं लागत नाही. म्हणजे हे दुखणं कोणत्या खात्याचं, हा निदानातला पहिला आणि सगळ्यात अवघड निर्णय मेसेज टाकणाऱ्याने स्वतःच घेऊन टाकलेला असतो. ‘जवळपास चांगला जनरल प्रॅक्टिशनर कोण?’ असं मात्र कोणी विचारत नाही.

याच ग्रुपवर ‘कुठे गेले ते फॅमिली डॉक्टर’ अशा अर्थाचा फॉरवर्ड आला की हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते.

हे ढोंग आहे असं मला वाटत नाही. आपल्याला तो डॉक्टर खरंच हवा असतो, पण धीर द्यायला, घरचा माणूस म्हणून. त्याने आपल्याला वर्षानुवर्षं ओळखणं हा उपचाराचाच भाग आहे, हे आपण धरत नाही. धरलं असतं तर त्याचे पैसे मोजले असते आणि दोन दिवसांत ताप उतरला नाही म्हणून त्याला सोडलं नसतं. सरकार आणि विमा कंपन्या आपल्याच पावलावर पाऊल टाकून चालल्या आहेत. ज्याची किंमत रुग्णच लावत नाही, त्यावर त्यांनी कशाला खर्च करावा?

आधी त्या जुन्या डॉक्टरांबद्दल थोडं. मुंबई-पुण्यात आधी एलसीपीएस ही वैद्यकीय पदविका आणि नंतर एमबीबीएस, तालुक्याच्या गावी बहुधा आयुर्वेदाची पदवी घेतलेले. लाकडी पार्टिशन, पलीकडे कंपाउंडर, मिक्श्चरच्या बाटलीवर डोसांच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी, आणि नाडी धरता धरता ‘थोरला आता कितवीला?’ ही चौकशी. रात्री-अपरात्री स्कूटर काढून व्हिजिटला येणं. हे सगळं खरं. पण त्या मिक्श्चरमध्ये काय आहे हे रुग्णाला कधी कळलं नाही, हेही खरं. दम्याला ‘लगेच गुण’ देणाऱ्या पुडीत कितीकदा स्टेरॉइड असायचं. नोंदी कागदावर नसत, डॉक्टरांच्या डोक्यात असत. डॉक्टर वारले किंवा मुलाकडे अमेरिकेला गेले की तीन पिढ्यांचा इतिहास त्यांच्याबरोबर गेला. आणि लोक एकाच डॉक्टरकडे टिकून राहायचे त्यात निष्ठेचा वाटा किती होता, ही शंकाच आहे. आळीत डॉक्टर एकच असायचा आणि उधारीही त्याच्याकडेच चालायची.

म्हणून त्या काळासाठी गळा काढण्यात मला रस नाही. त्या व्यवस्थेत एक गोष्ट आयतीच मिळत होती, ती म्हणजे तोच डॉक्टर पुन्हा भेटणं. तिची किंमत किती होती हे आता मोजमापाने कळतं आहे. २०१८मध्ये ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात एक आढावा आला. नऊ देशांतल्या २२ अभ्यासांपैकी १८ अभ्यासांत, ज्यांना तोच डॉक्टर वारंवार भेटत होता त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं. नॉर्वेचं चित्र याहून ठळक आहे. तिथे २००१पासून प्रत्येक रहिवाशाच्या नावापुढे एक ठरलेला डॉक्टर असतो. सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदी पाहिल्यावर दिसलं, की १५ वर्षांहून जास्त काळ एकाच डॉक्टरकडे असलेल्यांना, वर्षभराचीच ओळख असलेल्यांच्या तुलनेत, रात्री-अपरात्री तातडीच्या सेवेकडे धाव घेण्याची वेळ ३० टक्क्यांनी कमी आली. अचानक रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतं. आता, एका जागी टिकणारी माणसं मुळातच स्थिरस्थावर असतात, हा आक्षेप रास्त आहे. संशोधकांनी वय, शिक्षण, आजार यांचा हिशेब घातला तरी अशा पाहणीतून कार्यकारणभाव शंभर टक्के सिद्ध होत नाही. पण आकडे वर्षांबरोबर पायरीपायरीने उतरत जातात, ते मला बोलके वाटतात.

हे घडतं कसं, ते समजायला नॉर्वेला जायची गरज नाही. आपल्याकडचा पावसाळा पुरेसा आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये ताप आला की पहिल्या दिवशी कोणताच डॉक्टर खात्रीने सांगू शकत नाही, हा साधा व्हायरल आहे, मलेरिया आहे की डेंग्यू. डेंग्यूची एनएस१ चाचणी सुरुवातीच्या दिवसांत उपयोगाची, अँटिबॉडीची चाचणी साधारण पाचव्या दिवसानंतर. डेंग्यूत फसगत होते ती पुढे. ताप उतरतो, माणसाला वाटतं सुटलो, आणि नेमका तिथूनच एक-दोन दिवसांचा धोक्याचा काळ सुरू होतो. पोटात दुखणं, सतत उलट्या, हातपाय गार पडणं यांवर तेव्हा डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं असतं. अशा वेळी डॉक्टरच्या हातातलं मोठं साधन म्हणजे वेळ. ‘आज पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी, उद्या संध्याकाळी परत दाखवा’ हा उपचारच आहे. पण तो लागू पडायला रुग्णाने उद्या संध्याकाळी त्याच डॉक्टरकडे यावं लागतं. आपण काय करतो? ‘दोन दिवस झाले, फरक नाही, डॉक्टर बदलून बघू.’ तिसऱ्या दिवशी नवा डॉक्टर. त्याच्या दृष्टीने हा पहिला दिवस. आधीच्याने काय दिलं ते विचारलं तर उत्तर मिळतं, ‘एक पांढरी गोळी होती आणि एक पिवळी, पाकीट फेकून दिलं.’ हा डॉक्टरही जाणून असतो, की आपल्याकडे फरक पडला नाही तर ही मंडळी तिसऱ्याकडे जातील. मग तो अँटिबायोटिक देतो, इंजेक्शन देतो, जमल्यास सलाइन लावतो. अँटिबायोटिकच्या अतिवापरावर लिहिताना डॉक्टरांना झोडपलं जातं, तेही योग्यच. पण गिऱ्हाईक टिकवण्याची ही धास्ती निर्माण करण्यात आपला हात किती, हे कोणी लिहीत नाही.

या धास्तीच्या मुळाशी फीची रीत आहे. आपल्या छोट्या दवाखान्यांत तपासणी, दोन दिवसांच्या गोळ्या आणि लागलं तर इंजेक्शन, या सगळ्याचे पैसे एकत्र घेण्याची जुनी चाल आहे. त्यामुळे आपल्याला वाटतं, पैसे दिले ते गोळ्यांचे. डॉक्टरने तपासून, चार प्रश्न विचारून ‘काही नाही, औषधाची गरज नाही’ म्हटलं की आपण खट्टू होतो. ‘नुसतं बोलायचे दोनशे रुपये?’ वर्षानुवर्षांची माहिती डोक्यात ठेवून ‘गरज नाही’ म्हणणं हे गोळी लिहून देण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे. आणि ज्या कामाला दोनशे जास्त वाटतात, तेच ‘गरज नाही’ कॉर्पोरेट रुग्णालयात हजार-बाराशे रुपये आणि दोन तपासण्यांनंतर ऐकलं की आपलं समाधान होतं.

आता ओळखीतल्या एका आजींची गोष्ट. वय पंचाहत्तरच्या आसपास, तीन फायली, साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत भरलेल्या. हृदयरोगतज्ज्ञांनी बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन सुरू केलं. काही आठवड्यांत घोटे सुजले. मुलीने नेटवर पाहिलं, पायाला सूज म्हणजे किडनी, म्हणून किडनीवाल्यांकडे. रिपोर्ट ठीक आले, सूज उतरावी म्हणून लघवीची गोळी मिळाली. पुढे महिन्याभरात आजी असंबद्ध बोलू लागल्या, स्वयंपाकघरात जाऊन कशाला आलो ते विसरू लागल्या. न्यूरोलॉजिस्ट, एमआरआय, ‘वयोमानानुसार बदल’, स्मृतीसाठी आणखी एक गोळी. शेवटी सर्दीच्या निमित्ताने कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी पिशवीतली सगळी पाकिटं टेबलावर मांडायला लावली आणि एकेका पाकिटावर बोट ठेवून विचारलं, ‘ही कधीपासून? आणि ही?’ तारखा ओळीने लागल्या तशी कथा दिसली. पायाची सूज अ‍ॅम्लोडिपिनमुळे, ती उतरवायला लघवीची गोळी, त्या गोळीने शरीरातलं सोडियम उतरलेलं, आणि सोडियम उतरलं की म्हातारं माणूस भ्रमिष्टासारखं वागू लागतं. पन्नास वर्षांपूर्वीच्या कंपाउंडरलाही सुचावा असा प्रश्न, पण तोवर कोणी विचारला नव्हता. तिन्ही तज्ज्ञ आपापल्या जागी बरोबर होते. कोणीही हलगर्जीपणा केला नव्हता. सगळी पिशवी एकत्र पाहणं हे कोणाचंच काम नव्हतं, एवढंच.

हे काम ज्याचं असायला हवं त्याला आपण ‘साधा एमबीबीएस’ म्हणतो. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात तर तो एमबीबीएसही नसतो, आयुर्वेदाचा बीएएमएस किंवा होमिओपॅथीचा बीएचएमएस असतो. शहरातले लेख हे सोयीस्करपणे विसरतात. होमिओपॅथीच्या डॉक्टरांना वर्षभराचा कोर्स करून आधुनिक औषधं लिहू द्यायची की नाही, यावरून २०२५मध्ये डॉक्टरांच्या संघटनांनी संपाचं हत्यार उपसलं. दोन्ही बाजूंनी पदवीवर मुद्दे मांडले गेले आणि पदवीचा मुद्दा बिनमहत्त्वाचा नाहीच. पण सोलापूर-बीडकडच्या एखाद्या गावातल्या माणसाला दुसराही प्रश्न असतो: हा डॉक्टर पुढच्या वर्षी इथे असेल का? २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात फॅमिली मेडिसिनमधल्या एमडीला चालना देण्याची शिफारस आहे. तरीही एमबीबीएस झालेल्या मुलाला नातेवाइकांचा पहिला प्रश्न ‘पीजी कशात?’ हाच असतो, आणि उत्तर ‘फॅमिली मेडिसिन’ असं आलं तर पुढचा प्रश्न असतो, ‘म्हणजे?’

रुग्ण थेट तज्ज्ञाकडे जातो याचं सगळं खापर रुग्णावर फोडणं मात्र अन्यायाचं होईल. मधल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर त्याचा विश्वास उडाला आहे आणि त्याला कारण आहे. चिठ्ठीमागे ‘कट’, म्हणजे कमिशन, असतं हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत आहे. रुग्ण पाठवणाऱ्याला लॅबकडून, स्कॅन सेंटरकडून, रुग्णालयाकडून टक्केवारी. २०१७मध्ये राज्य सरकारने समिती नेमली, कटविरोधी कायद्याचा मसुदा तयार झाला, वैद्यकीय संघटनांतही खळखळ झाली, आणि कायदा काही झाला नाही. फॅमिली डॉक्टरच्या व्यवसायाला या कटाने जेवढं पोखरलं तेवढं तज्ज्ञांच्या संख्येनेही नाही. ज्याचा सल्ला निरपेक्ष असतो म्हणून त्याच्याकडे जायचं, त्याचाच सल्ला विकाऊ आहे अशी शंका आली की उरतं काय? सर्दी-खोकल्याच्या गोळ्या. आणि त्या तर मेडिकलवालाही देतो.

आणखी एक अडचण आहे, तिच्याबद्दल पुरुष फारसे लिहीत नाहीत. फॅमिली डॉक्टर कोणाचा असतो? घरातल्या कर्त्यांचा. लग्न होऊन आलेल्या मुलीचा चोवीस-पंचवीस वर्षांचा इतिहास माहेरच्या डॉक्टरकडे राहतो आणि इथे तिच्या वाट्याला सासूबाईंचे डॉक्टर येतात. ते तिच्यासमोर सासूबाईंना विचारतात, ‘काय, गोड बातमी कधी?’ तिला गर्भनिरोधक हवं असेल, पाळीचा त्रास असेल, रात्री झोप लागत नसेल, रडू येत असेल, तर ती या डॉक्टरांना सांगेल? कॉलेजातला मुलगा सांगेल? पलीकडच्या रस्त्यावरच्या, ज्याला आपलं आडनाव माहीत नाही अशा डॉक्टरकडे जाणं हे त्यांच्या बाजूने शहाणपणाचंच आहे. देशोदेशीच्या पाहण्यांत वयस्क आणि जुनाट आजाराचे रुग्ण तोच डॉक्टर मागतात, तर तरुण आणि किरकोळ दुखण्याचे रुग्ण लवकर भेटेल तो चालेल म्हणतात. आपल्याकडे त्यात ही घरगुती गुप्ततेची गाठ अधिकची आहे. म्हणून ओळख हवी ती डॉक्टर आणि कुटुंब यांच्यात नको, डॉक्टर आणि एकेका माणसात हवी. आणि ती मोडण्याची मुभा हवी. नॉर्वेत वर्षातून दोनदा डॉक्टर बदलता येतो, कारण विचारत नाहीत. जुन्या ओळखीने डॉक्टरची नजर मरते, ‘हिचं नेहमीचंच डोकं दुखणं’ म्हणून नवा आजार हुकतो, असंही घडतं. त्यावर उपाय म्हणजे दुसरं मत घ्या, आणि ते घेतल्यावर पहिल्या डॉक्टरला येऊन सांगा. आपण दुसरं मत चोरून घेतो.

मात्र एक प्रसंग असा येतो, की ज्यांनी आयुष्यभर तज्ज्ञांच्या रांगा लावल्या त्यांनाही ओळखीचा साधा डॉक्टर लागतोच. घरी कोणी गेलं की.

जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९च्या कायद्यानुसार, शेवटच्या आजारात ज्याने उपचार केले त्या डॉक्टरने मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र द्यायचं असतं, तेही फी न घेता. घरी झालेल्या मृत्यूसाठी फॉर्म ४-ए. पहाटे तीनला वडील झोपेतच गेले. वय ८४, चार वर्षांपासून अंथरुणाला खिळलेले, घरातल्या सगळ्यांच्या मनाची तयारी झालेली. स्मशानात कागद मागतात. ज्या मोठ्या रुग्णालयात फाइल आहे तिथले कन्सल्टंट पहाटे घरी येत नाहीत, आणि त्यांनी रुग्णाला शेवटचं पाहून पाच महिने झालेले. कोपऱ्यावरचा डॉक्टर म्हणतो, ‘मी यांना कधी तपासलंच नाही, सही कशी करू?’ त्याचं चूक नाही. मग अ‍ॅम्ब्युलन्स, कॅज्युअल्टी, ‘आणण्यापूर्वीच मृत’ असा शेरा, कदाचित पोलिसांचा पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम. शांतपणे घरी गेलेल्या माणसाची अशी फरफट शहरांत सर्रास होते. महिन्यातून एकदा येऊन बीपी बघून जाणारा, आजोबांना नावानिशी ओळखणारा डॉक्टर असता तर हे काम पंधरा मिनिटांचं होतं. ज्येष्ठांच्या संघांत व्याख्यानं होतात ती गुडघेबदलावर आणि मृत्युपत्रावर. त्यांत या विषयाचीही भर पडावी.

आता पैशांकडे. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारतची विमा योजना, दोन्हींचा रोख दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर. खासगी मेडिक्लेमचंही बहुतेक तसंच. म्हणजे मधुमेह वीस वर्षं ताब्यात ठेवणाऱ्या डॉक्टरला यातून एक पैसा नाही. तो हाताबाहेर जाऊन पाय कापायची वेळ आली की लाखांचं पॅकेज मंजूर. बाह्यरुग्ण तपासणीचा खर्च खिशातून, म्हणून रुग्ण ती टाळतो. दाखल झाल्यावर विमा, म्हणून ‘अ‍ॅडमिट करून घ्या ना’ हा आग्रह. गंमत अशी, की दावा मंजूर करताना टीपीए, म्हणजे विमा कंपनीचे दावे हाताळणारी संस्था, पहिल्या तपासणीचा कागद मागते: हा त्रास कधीपासून, पहिल्यांदा कोणी पाहिलं? त्या एका दिवशी फॅमिली डॉक्टरच्या जुन्या चिठ्ठीला सोन्याचा भाव.

डॉक्टरला गोळ्यांऐवजी ओळखीचे पैसे देण्याची पद्धत आपल्याला नवी नाही. १९४८च्या कायद्याने आलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत मुंबईच्या गिरणगावात पॅनेलचे डॉक्टर होते. कामगाराने आपलं नाव एका डॉक्टरकडे नोंदवायचं, आणि डॉक्टरला मिळायचे ते दर तपासणीचे पैसे नव्हेत, तर माणशी वर्षाला ठरलेली रक्कम. नॉर्वेत डॉक्टरच्या उत्पन्नाचा काही भाग आणि ब्रिटनमध्ये मोठा भाग असाच येतो. आपल्याकडे या पद्धतीचं नाव खराब झालं. पॅनेलचा डॉक्टर म्हणजे सिक सर्टिफिकेट, आणि रोख पैसे देणारा रुग्ण आला की पॅनेलच्या रुग्णाने बाकावर बसून राहायचं, अशी तक्रार कामगार करत. रक्कम तुटपुंजी आणि देखरेख नावापुरती असली की दुसरं काय होणार? पण तत्त्व चुकीचं नव्हतं. आजारी पडण्याचे पैसे न मिळता, यादीतली माणसं बरी ठेवण्याचे पैसे मिळाले तर डॉक्टरला इंजेक्शन टोचायचं कारण उरत नाही.

ब्रिटनचा अनुभव यात इशारा म्हणून घ्यावा. तिथे २००४च्या करारात रुग्णाची नोंद एका डॉक्टरकडून काढून दवाखान्याच्या नावावर गेली. कागदावर किरकोळ बदल. पुढच्या वर्षांत ‘माझा डॉक्टर’ पुसट होत गेला, आणि २०२२मध्ये त्यांच्या संसदेच्या आरोग्य समितीला यादी पुन्हा एकेका डॉक्टरच्या नावावर करा, असं सांगायची वेळ आली. आपण तर यादीपर्यंत पोचलेलोच नाही. २०२२पासून मुंबईत ‘आपला दवाखाना’ सुरू झाले, जागा घराजवळ, तपासण्या मोफत, संध्याकाळी उघडे. हे सगळं चांगलंच. पण डॉक्टर कंत्राटी. मधुमेहाच्या रुग्णाला यंदा एक डॉक्टर, पुढच्या वर्षी दुसरा. त्यावर ‘आभा’ या सरकारी आरोग्य-ओळख क्रमांकाचं उत्तर दिलं जातं: चौदा आकडी क्रमांक घ्या, रेकॉर्ड कुठेही दिसेल. रेकॉर्ड जरूर हवं, जुन्या डॉक्टरांकडे तेच नव्हतं. पण ‘बाई हसून बोलतायत पण आज काहीतरी बिनसलंय’ हे कोणत्या रकान्यात भरणार?

खेड्यात ही ओळख आज कोण टिकवून आहे, तर आशाताई. प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर बदलून जातात, पीजीला जातात, रजेवर असतात. आशा त्याच गावची सून, साधारण हजार लोकांमागे एक. कोणाचं सातव्या महिन्यात वजन वाढत नाही, कोणी टीबीच्या गोळ्या मध्येच सोडल्या, कोणाचा नवरा पितो, हे तिला ठाऊक. राज्यात अशा सत्तर हजारांच्या घरात बायका आहेत आणि त्यांना पगार नाही, मानधन आणि कामावर आधारित मोबदला आहे, तोही थकतो म्हणून त्यांना आझाद मैदानात बसावं लागतं. ओळखीचं मोल या व्यवस्थेत किती, याचा याहून स्पष्ट पुरावा कशाला हवा?

म्हणून माझी मागणी मोजकी आहे. सरकारी आणि पालिकेच्या दवाखान्यांत कायम डॉक्टर नेमा आणि निदान पाच वर्षं हलवू नका. परिसरातल्या लोकांची, निदान साठीपुढच्यांची आणि मधुमेह-बीपीवाल्यांची यादी त्या डॉक्टरच्या नावावर करा, कुटुंबाची नव्हे, माणसांची. आणि बदलून मागितली तर बदलून द्या. योजनांच्या पैशातला काही भाग खासगी छोट्या दवाखान्यांना याच कामासाठी माणशी द्या, बीएएमएसवाल्यांना वगळून नव्हे तर प्रशिक्षण देऊन. कटविरोधी कायद्याचा मसुदा कपाटातून बाहेर काढा. आणि तोवर आपण घरापुरतं एवढं करू शकतो, की तब्येत बरी असताना जवळच्या एका डॉक्टरकडे जाऊन, फी देऊन, घरातल्या म्हाताऱ्यांच्या गोळ्यांची पिशवी त्याच्या टेबलावर रिकामी करायची. तो आधी जरा गोंधळेल.

पालिकेच्या दवाखान्यांसाठी आणखी एक सूचना, बिनखर्चाची. पाटीवर पुढाऱ्यांची नावं आणि फोटो ठळक असतात, डॉक्टरांचं नाव असलंच तर दारामागच्या फळ्यावर खडूने. त्याऐवजी मुख्य पाटीवर डॉक्टरांचं नाव आणि त्याखाली ‘या दवाखान्यात अमुक सालापासून’ असं रंगवणं सक्तीचं करा. ते साल दर सहा महिन्यांनी पुसून नव्याने लिहावं लागलं, तर वॉर्डातल्या लोकांना ते येता-जाता दिसेल, आणि पुढच्या वेळी मतं मागायला येणाऱ्याला विचारायला एक नेमका प्रश्न मिळेल.